तेजस्वीच्या मुठीचं माप

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

बाहेरच्या खोलीतल्या सुताच्या गोण्या माडीवर हलवल्या. त्या जागी आता माझं टेबल, वाईस, व्हर्निअर आणि रबराचा कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर. पाटी लावलेली नाही. लावली तर वडगावातलं प्रत्येक माणूस आत येऊन विचारणार, हे काय म्हणून.

काम साधं आहे. गोल्फच्या काठीला धरायच्या जागी रबराची मूठ असते. तिला ग्रिप म्हणतात. ती झिजते, कडक होते, घामानं निसटायला लागते. जुनी कापून काढायची, नवी बसवायची. कॅम्पातल्या क्लबचे सभासद ह्यासाठी काठ्या पुण्याला पाठवतात आणि महिनाभर वाट बघतात. रबर टेक्नॉलॉजी शिकून मी पुण्यात चार वर्षं गाड्यांच्या रबरी सीलची तपासणी केली. ग्रिप हे त्या मानानं सोपं रबर आहे, असं आज तरी वाटतं.

आई दारात उभी राहून बघत होती. मागच्या खोलीत दोन्ही यंत्रमाग चालू होते, त्यामुळं ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हटलं. "काय न्हाय," म्हणाली आणि गेली. चांगली नोकरी सोडून हे काय मांडलंय, असंच विचारलं असणार. आप्पा गेल्यापासून एका विणकराला हाताशी घेऊन माग तीच चालवते. तिला माझ्याकडून दुसरी अपेक्षा असेल.

वाईसमध्ये काठी दबू नये म्हणून जबड्यांना अस्तर लागतं. ते नागेंद्रनं करून दिलं. शाळेत माझ्या वर्गात होता, आता अनगोळात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. दोनदा माप चुकलं म्हणून परत घेऊन गेला, तिसऱ्यांदा बरोबर आणलं. एवढा चुकणारा माणूस वाटत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं, त्या दिवशी बॅगा वाहणाऱ्या कॅडींना खेळू देतात. तिथं जाऊन बसले. गिऱ्हाईक शोधायला म्हणून गेले होते, खरं तर कुणाशी काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

मष्णू स्वतःहून आला. उचगावचा, पन्नाशीचा, सभासदांच्या बॅगा वाहून एक खांदा उतरलेला. त्याच्या मागं त्याची मुलगी तेजस्वी. ह्या बाईच्या हातानं चांगल्या ग्रिपा बसतात असं कुणीतरी त्याला सांगितलंय म्हणाला. मी आतापर्यंत एकाच डॉक्टरांच्या काठ्या केल्यात. कुणी सांगितलं, तर त्याला नाव आठवेना. "लेथवालं कोणतरी" म्हणाला.

तेजस्वी सोमवारी-सोमवारी खेळूनच शिकली आहे. सभासदांनी टाकून दिलेल्या दहा काठ्या, प्रत्येकीची ग्रिप वेगळी, दोन तर काचेसारख्या कडक. एकीवर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळलेली. तरी तिचा फटका सरळ जातो. मी मोजत नव्हते, पण मोजायला हवा असा जातो.

बेंगळुरूच्या एका अकादमीत ऑक्टोबरच्या सहा तारखेला निवड आहे. सतरा वर्षांखालच्या दोन मुली घेणार. राहणं, शिकणं, खेळणं सगळं त्यांच्याकडं. नोव्हेंबरात तेजस्वी सतरा पूर्ण करते, म्हणजे पुढच्या वर्षी ती ह्या गटात बसत नाही. निवड झाली नाही तर दिवाळीनंतर पॅकिंगच्या कामाला फॅक्टरीत जायचं घरात ठरलंय. हे मष्णू बोलत होता तेव्हा ती चेंडू पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मी काम घेतलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

तेजस्वीच्या हाताचं माप: मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६८ मिलिमीटर. ग्रिपच्या मापांच्या तक्त्याप्रमाणं बारीक ग्रिप, बायकांसाठी करतात ती. तळवे फार घामेजतात, म्हणून रबरात सुती धागा घातलेली जात निवडली, फक्त वरच्या अर्ध्या भागात. दहाही बसवल्या. ग्रिपवरची रेघ काठीच्या, चेंडूला लागणाऱ्या, तोंडाशी काटकोनात आहे का ते प्रत्येक वेळी तपासलं. एकही वाकडी नाही.

आई दोनदा पाणी घेऊन आली. मी मागितलं नव्हतं.

८ सप्टेंबर, सोमवार

चेंडू डावीकडं जातायत. एखाददुसरा नाही, जवळजवळ सगळेच.

मी म्हटलं, सवय होईपर्यंत थांबावं. तेजस्वीनं काठी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "आक्का, माझी बोटं माझ्याच हातात घुसाय लागल्यात."

तिची डावी मूठ बघितली. मधलं आणि अनामिका, दोन्ही बोटांची टोकं तळव्यात रुतलेली. ती फक्त टेकायला हवीत. तिचा तळवा आखूड आहे आणि बोटं लांब. दोन्ही मिळून १६८ येतात आणि तक्ता फक्त बेरीज विचारतो. ग्रिप बारीक पडली की मनगट गरजेपेक्षा जास्त वळतं आणि चेंडू डावीकडं जातो. हे मी वाचलेलं आहे. वाचलेलं असूनही तक्त्यावर थांबले.

तिला सांगितलं की चूक माझी आहे, ग्रिपा बदलून देते. "एवढंच न्हवं का," म्हणाली आणि डबा उघडून मला भाकरी दिली. चूक कबूल केल्यावर जेवायला मिळण्याची माझी ही पहिलीच वेळ.

१० सप्टेंबर, बुधवार

ह्या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. एकाच काठीवर ग्रिपखालच्या चिकट टेपचे थर कमीजास्त करून तिची मूठ बघितली. नेहमीच्या मापाची ग्रिप, खाली टेपचा एक जादा थर. त्यानं व्यास साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. बोटांची टोकं तळव्याला टेकली आणि तिथंच राहिली. एवढ्याशा फरकानं तिचा चेहरा बदलला. मापात बसलेल्या माणसाचा चेहरा असा दिसतो हे सीलच्या कारखान्यात कळायची सोय नव्हती.

१५ सप्टेंबर, सोमवार

सरळ. दहाही काठ्यांनी, तशाच ग्रिपा बसवल्यावर.

नागेंद्र मैदानावर आला होता. गवत कापायच्या यंत्राचं काही काम आहे का बघायला आलतो म्हणाला. यंत्र शेडमध्ये कुलपात होतं. तो बराच वेळ आमच्याजवळ बसला.

२९ सप्टेंबर, सोमवार

सोयाबीनची काढणी चालू आहे म्हणून दसऱ्यापर्यंत तेजस्वी घरच्यांबरोबर रानात असणार. दोन काठ्यांच्या ग्रिपा किंचित फिरल्यासारख्या वाटतात म्हणाली. दहाही ठेवून घेतल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांची बेंगळुरूची गाडी आहे, त्याआधी नेतील.

रात्री जेवताना आईनं विचारलं, ती पोरगी जिंकंल का? मी म्हटलं, सांगता येत नाही. "तुझं काम तर बरोबर झालंय न्हवं?" मी हो म्हटलं. तिनं मला दोनदा भात वाढला.

३० सप्टेंबर, मंगळवार

दोन्ही ग्रिपा सकाळीच नीट केल्या. मग खानापूरला. तिथल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या काठ्या करायच्या होत्या. परत आले तेव्हा अंधार पडला होता. आईनं दोन्ही माग धुऊनपुसून ठेवले होते, खोलीभर तेलाचा वास. उद्या खंडेनवमी.

१ ऑक्टोबर, बुधवार

माग बंद असले की घरात आपलाच श्वास ऐकू येतो. वर्षातून हा एक दिवस.

आईनं सकाळी पूजा मांडली. मागांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, समोर कोहळा. माझं टेबलही तिनं पुसून घेतलं होतं. वाईसला माळ, व्हर्निअरवर कुंकवाचं बोट, ड्युरोमीटरवर फूल. तेजस्वीच्या दहा काठ्या भिंतीला लावून ओळीत, प्रत्येकीला हळदीकुंकू. पूजा तिनं माझ्या टेबलापासून सुरू केली आणि मग मागांकडं गेली. आप्पा नेहमी आधी माग पूजायचे. क्रम तिच्या लक्षात राहिला नसेल.

व्हर्निअरवरचं कुंकू पुसायला मी हात पुढं केला तर म्हणाली, आज कुठल्याच हत्याराला हात लावायचा न्हाय, ती आज विसाव्याला असतात. हे लहानपणापासून माहीत आहे. ग्रिपा चमकत होत्या. ओल्या फडक्यानं पुसल्या असतील असं वाटलं.

वादात पडले नाही. दिवसभर वाचत बसले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी पहिली काठी उचलली आणि अंगठा ग्रिपमध्ये बुडाला.

तेल. ग्रिपांवर मागाचं तेल चोळलेलं आहे, परवाच. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस ते रबरात मुरत होतं आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून मी समोर बसून पुस्तक वाचत होते. नैसर्गिक रबर खनिज तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं, त्याचा जोर जातो. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. व्यास सगळीकडं मिलिमीटरच्या वर वाढलाय, कडकपणा ५२ वरून ३७ वर. साबणानं धुऊन वरचं तेल निघालं, आतलं निघत नाही. दहाच्या दहा ग्रिपा गेल्या.

आई देवापुढं आपट्याची पानं ठेवत होती. मी विचारलं, "आई, रबराला कुणी तेल लावतं का?"

"मागाला लावतो की."

"हा माग नाही."

तिनं पानं तशीच हातात धरली. मग एवढंच म्हणाली, "तुझ्या हाताचं काम हाय म्हणून लावलं गं. मागाला तेल आणि तुझं तेवढं कोरडं, कसं ठेवायचं?"

मी काठी परत भिंतीला लावली. ओरडले नाही. माझा आवाज चढत नाही, तो उतरतो, आणि ते जास्त वाईट असतं असं मला पुण्यात एकदा सांगितलं गेलं आहे. आई स्वयंपाकघरात जाऊन बसली. सणाचा स्वयंपाक अर्धा राहिला.

माझ्याकडं त्या मापाच्या दोनच ग्रिपा शिल्लक. आज सगळं बंद, कुरिअर सोमवारच्या आधी येणार नाही. बेंगळुरूच्या दुकानाला संदेश पाठवला, रविवारी सुट्टी म्हणाले. मधले दोन-तीन मार्ग कागदावर मांडून बघितले, एकही शनिवारपर्यंत पोचत नाही.

दुपारी काठ्या स्कूटरला बांधून उचगावला गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. दारातच मष्णूच्या घरच्यांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं, गोड दिलं. हातात पानं घेऊन सांगितलं. काय झालं ते, कशामुळं ते, आणि सध्या उपाय नाही तेही.

तेजस्वीनं एक काठी धरून बघितली. "जिलबीगत झालीया," म्हणाली. हसायला गेली आणि ते जमलं नाही. मग आत गेली.

मष्णू पायरीवर बसला. मला वाटलं आता तो बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, घरात तुमच्या आईस्नी काय बोलला न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, फार नाही.

"बोलू नगासा. माझ्या पोरीच्या काठ्यांची पूजा आजवर कुणी केली न्हवती. आमीबी न्हाय." मग उठला. "आता काय करायचं त्ये बघूया."

परत येताना नागेंद्रच्या दारावरून आले. तो नव्या शर्टात सोनं वाटायला निघाला होता. मी का थांबले, ते मला माहीत नाही. सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, फक्त मी ग्रिपा मागवते त्या पुण्याच्या दुकानाचा पत्ता मागितला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नागेंद्र पहाटेच गाडी घेऊन पुण्याला गेला. तसंही त्याला तिकडं बेअरिंगं आणायची होती म्हणे.

दुकानातून त्याचा फोन आला. आधी बसवली होती ती अर्ध्या धाग्याची जात संपली आहे. दोन प्रकार आहेत. एक साधं मऊ रबर, हाताला छान लागतं, पण घाम आला की फिरतं. दुसरी ग्रिप पूर्ण धाग्याची, खरखरीत. घाम कितीही येऊ दे, सुटत नाही, पण सवय नसलेला हात सोलून काढते. सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि हातात फक्त रविवार.

मी माझ्या हिशेबानं मऊ रबराकडं झुकले होते, सोबत एक कोरडा टॉवेल देऊन. कारणं लिहून काढली, पाच होती. मग ती खोडली आणि तेजस्वीला फोन लावला. मागच्या वेळी तिच्या हाताचा निर्णय मी तिला न विचारता केला होता. दोन्ही प्रकारांचे फायदेतोटे सांगितले, काहीच झाकलं नाही.

काढणी लांबल्यामुळं ती अजून रानातच होती. मागं मळणीयंत्र चालू होतं. "खरखरीत घ्या, आक्का. हात सोललं तर परत कातडं येतंय. काठी सुटली तर काय येतंय?"

नागेंद्रला तसं कळवलं. "दहा का अकरा?" त्यानं विचारलं. अकरा कशाला? म्हणाला, "एक चुकली तर असावी की जादा." त्याच्या अस्तराचा अनुभव लक्षात घेता हे बरोबर आहे.

आई आज माझ्या खोलीकडं फिरकली नाही. दारात पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नागेंद्र ग्रिपा देऊन गेला. डोळे लाल होते. गाडीत बेअरिंगचं एकही खोकं दिसलं नाही. त्याचं काम झालं नसावं. विचारायला हवं होतं, पण घाई होती.

जुन्या ग्रिपा कापून काढायच्या, आतली टेप खरवडायची, काठीचा दांडा, म्हणजे शाफ्ट, पुसायचा, मग नवी टेप आणि नवी ग्रिप. वर ग्रिप सरकवायला टेपवर ओतलेलं सॉल्व्हंट सुकायला निदान दुपार पाहिजे, कारण गाडी संध्याकाळची. सकाळभरात एकटीनं होणारं काम नव्हतं. नागेंद्र थांबतो म्हणाला, मी त्याला झोपायला घरी पाठवलं. मग मागच्या खोलीत गेले. आईनं माग सुरू केले नव्हते. ती नुसतीच बाकड्यावर बसली होती.

"मला हात पाहिजेत," मी म्हटलं.

ती उठली, पण टेबलाजवळ येऊन थांबली. "मी कशाला हात लावू? परत काय व्हायचं." मी तिच्या हातात पातं दिलं, पहिली ग्रिप कशी कापायची ते दाखवलं. दुसरी तिनं माझ्यापेक्षा सरळ कापली. सुताच्या गाठी कापून कापून तिचा हात हलका झालेला आहे. ती ग्रिपा काढत गेली आणि शाफ्ट पुसत गेली, मी बसवत गेले. मध्ये कुणी बोललं नाही. बोलायची गरज वाटली नाही, हे मला नेहमी जमतं, आज पहिल्यांदा ते दोघींना जमलं.

नवी ग्रिप तिनं उजेडाकडं धरली. "ह्यात सूत हाय की गं."

"हो, सूतच असतं."

"आणि तू मला रबर रबर म्हणत हुतीस."

मला हसू आलं. तिलाही. माग बंद असल्यामुळं ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

धाग्याची ग्रिप थोडी जाड भरते, म्हणून टेपचा जादा थर ह्या वेळी घातला नाही. मुठीचं माप पुन्हा तेच. संध्याकाळी मष्णू आणि तेजस्वी घ्यायला आले. आई आतच थांबली, बोलावूनही आली नाही. तेजस्वीनं एकेक काठी धरून बघितली, बोटांची टोकं बघितली, मान हलवली. मी तिला बोटांना बांधायची चिकटपट्टी दिली आणि दोन फटक्यांच्या मध्ये हात कसे कोरडे ठेवायचे ते सांगितलं. शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आठवलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोन आला नाही. मी केला नाही.

आईनं विचारलं, फोन आला का. नंतर पुन्हा विचारलं. दुपारी तिनं एका मागाचा धागा तुटला तरी तसाच चालू ठेवला. हे मी कधी बघितलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

घेतली. दोघींमधली ती दुसरी.

मष्णूनं फोन केला आणि त्याला बोलता येईना, म्हणून तेजस्वीनं घेतला. दोन्ही तळवे सोललेत म्हणाली, शेवटी शेवटी पट्टीतून रक्त येत होतं, पण काठी एकदाही फिरली नाही. एक चेंडू पाण्यात घातला, तो तिच्या चुकीनं, ग्रिपच्या नाही, हे तिनं मुद्दाम सांगितलं. दिवाळीनंतर जायचं आहे.

मी अभिनंदन म्हटलं. ती म्हणाली, "आक्का, तुमी रडाय लागलाय काय?" मी म्हटलं, सर्दी आहे.

आईला सांगितलं. तिनं माग बंद केला, देवापुढं दिवा लावला, परत माग सुरू केला.

संध्याकाळी अनगोळला जाऊन नागेंद्रचे आभार मानले. बेअरिंगचं काय झालं तेही विचारलं. तो लेथ पुसायला लागला. तुझ्या ड्युरोमीटरचा स्टँड डुगडुगतोय, उद्या येऊन बघतो म्हणाला. स्टँड डुगडुगत नाही, मी रोज तपासते. पण "ये" म्हटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मष्णू आज घरी आला तो मला भेटायला नव्हे. आईला मैदानावर न्यायला आला होता. आईनं "मी कशाला?" म्हणून बघितलं, मग मागावर कामं पडल्याचं सांगितलं. तो म्हणाला, काम संपेपर्यंत बसतो. आणि बसला. शेवटी तिनं साडी बदलली, आपल्याच मागावरची, हिरव्या काठाची.

मैदान बघून ती म्हणाली, एवढी रिकामी जागा, कुणी काही पेरत कसं नाही? तेजस्वीनं पहिला चेंडू मारला. हातांना अजून पट्ट्या होत्या.

"चेंडू कुठं गेला?" आईनं विचारलं.

"त्या झाडाच्या पल्याड," मष्णूनं दाखवलं.

"अगं बाई. मग आता आणायला कोण जाणार?"

"त्येच की माझं काम, आक्का."

सगळे हसले. आईही हसली, पण तेजस्वीनं काठी तिच्यापुढं केली तेव्हा तिचे हात पदराखाली गेले. "मी न्हाय हात लावणार ह्याला," म्हणाली. थट्टेत म्हणत नव्हती. दसऱ्याच्या दिवसापासून हे तिच्या मनात होतं, हे मला तेव्हा दिसलं. शनिवारी आम्ही दोघींनी मिळून दहा ग्रिपा बसवल्या म्हणजे ते मिटलं, असं मी धरून चालले होते.

तेजस्वी आईजवळ आली. तिनं पदराखालचे हात धरून बाहेर काढले आणि काठीवर ठेवले. मी पुढं होऊन आईची बोटं नीट केली. तिची अनामिका पूर्ण मिटत नाही. कधीपासून, मला माहीत नव्हतं. तिला जाड आणि मऊ ग्रिप लागेल.

दोनदा काठी हवेतून गेली. तिसऱ्यांदा चेंडूला लागली. चेंडू साडीभर लांब घरंगळत जाऊन गवतात थांबला.

मष्णूनं बॅग उचलून खांद्याला लावली. चालत चेंडूपाशी गेला. तो उचलून आणेल असं मला वाटलं होतं. त्यानं बॅग बाजूला उभी केली, पाठीवर हात बांधले आणि एक पाऊल मागं सरून उभा राहिला.

आईनं माझ्याकडं बघितलं. "का थांबलाय त्यो?"

"तुझी वाट बघतोय. पुढचा फटकाही तुझाच आहे."

तिनं पदर कमरेला खोचला आणि निघाली. तिथवर पोचून तिनं पुन्हा मारला. चेंडू ह्या खेपेला बराच पुढं गेला. ती त्याच्या मागं चालायला लागली, आणि मष्णू बॅग घेऊन तिच्यामागून, एक पाऊल अंतर ठेवून, सभासदांच्या मागं चालतात तसा.